घरी नेण्यासाठी बनलेलं इंजिन

तारकर्लीला डॉल्फिन बघायला गेला असाल, तर आउटबोर्डपासून चार हातांवर बसून आला असाल. वर झाकणाखाली इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पाण्यात पंखा, आणि हे सगळं होडीच्या मागच्या फळीला बाहेरून आवळलेलं. पुस्तकांत या यंत्राचा इतिहास बहुधा ताकदीचा इतिहास म्हणून येतो: दीड हॉर्सपॉवरपासून सहाशेपर्यंत. तो खोटा नाही. पण जुनं आउटबोर्ड उतरवून, घरी आणून, पडवीत किंवा गॅरेजात खोलणाऱ्या माणसाचं लक्ष फळीवरच्या दोन पकडींकडे आधी जातं. पकडींचे मळसूत्री हात फिरवले की इंजिन होडीपासून सुटतं. मोटारगाडीचं इंजिन असं सुटत नाही, रेल्वेचं तर नाहीच. हे सुटं होणं मागाहून जोडलेली सोय नव्हे, या यंत्राचा जन्मच त्यासाठी झाला.

पॅरिसमध्ये गुस्ताव ट्रूव्हे नावाचा एक विजेची यंत्रं करणारा कारागीर होता. त्याने एका तीनचाकीला विजेची मोटर बसवून पाहिली, पण तिचं पेटंट मिळेना. मग तीच कल्पना त्याने पाण्यावर नेली. कार्यशाळा शहरात, होडी सीन नदीत. दर चाचणीनंतर काहीतरी दुरुस्त करायचं, बदलायचं, आणि त्यासाठी होडी उचलून आणणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने मोटर सुकाणूच्याच डोक्यावर बसवली, साखळीने ताकद खालच्या पंख्याला दिली, आणि सुकाणूसकट सगळा संच काढून नेता येईल असा केला. मे १८८१मध्ये त्याची होडी प्रवाहाविरुद्ध सेकंदाला एक मीटर आणि प्रवाहाबरोबर अडीच मीटर चालली. माणूस रमतगमत चालतो तेवढा तो पहिला वेग. जगातलं पहिलं आउटबोर्ड हे असं, दुरुस्तीसाठी घरी नेता यावं म्हणून आउटबोर्ड झालेलं.

पुढचा टप्पा अमेरिकेतला, आणि तिथेही गोष्ट एका खोलीत सुरू होते. कॅमेरन वॉटरमन हा येल विद्यापीठात कायदा शिकणारा डेट्रॉइटचा मुलगा. त्याने आपल्या मोटरसायकलचं इंजिन साफ करायला खोलीत आणलं आणि काम सोयीचं व्हावं म्हणून खुर्चीच्या पाठीला अडकवलं, असं सांगतात. खुर्चीच्या पाठीला अडकलेलं इंजिन पाहून त्याला होडीची मागची फळी आठवली. अशा जन्मकथा फार गुळगुळीत असतात, त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. पण ज्याने कधी इंजिन उघडं करून कशावर तरी टेकवून ठेवलं आहे, त्याला ही कथा खोटी वाटणार नाही. १९०५मध्ये त्याने यंत्र पाण्यात उतरवलं, १९०७मध्ये पेटंट मिळालं. ‘आउटबोर्ड मोटर’ हा शब्दही त्याचाच मानतात. विकताना त्याने नाव ठेवलं ‘पोर्टो’. म्हणजे पोर्टेबल, उचलून नेता येणारं. गिऱ्हाइकाला काय विकायचं आहे हे त्याला कळलेलं होतं.

तरीही घराघरांत पोचलं ते ओले एव्हिनरूडचं इंजिन. ओले १८७७चा, जन्माने नॉर्वेजियन. आईवडिलांबरोबर लहानपणीच विस्कॉन्सिनला आला आणि मिलवॉकीत साचे व यंत्रं करायला लागला. उन्हात वल्ही मारत तळ्यापलीकडून बेससाठी आइस्क्रीम आणायला गेला आणि येईपर्यंत ते वितळलं, ही त्याची प्रसिद्ध गोष्ट. बेस पुढे त्याची बायको झाली. पहिलं यंत्र पाहून तिला ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं होतं म्हणे. १९०९मध्ये जे विक्रीला आलं ते दीड हॉर्सपॉवरचं, ६२ पौंड वजनाचं, म्हणजे सुमारे २८ किलोचं. किंमतही ६२ डॉलर. सिलिंडर आडवा, क्रँकशाफ्ट उभा, वर फ्लायव्हील, खाली गिअरच्या जोडीने आडवा फिरणारा पंखा. ही मांडणी आजही जवळपास तीच आहे. ओले यंत्रं करायचा. जाहिराती, पत्रव्यवहार आणि हिशेब बेसकडे. वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची जी जाहिरात गाजली ती तिचीच.

अठ्ठावीस किलो म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून थोडं जास्त. एका माणसाने उचलून धक्क्यावरून घरापर्यंत न्यावं, वाटेत दोनदा टेकवावं, एवढं. त्यानंतरची पंधरा वर्षं चुरस वेगाची कमी आणि या ओझ्याची जास्त होती. बेसच्या तब्येतीमुळे ओलेने धंद्यातून अंग काढलं होतं. १९२०नंतर तो परतला तो दोन सिलिंडरचं, पण ॲल्युमिनियम वापरून हलकं केलेलं ‘एल्टो’ घेऊन. वजन सुमारे २२ किलो. लगेच जॉन्सन बंधूंनी ३५ पौंडांचं, म्हणजे साधारण १६ किलोचं इंजिन आणलं. ताकद दोन हॉर्सपॉवर. सोळा किलो म्हणजे पाण्याने भरलेली बादली. ते हातात धरून ट्रामने जाता येतं.

घरी नेण्याची सवय पडायला दोन साधी कारणं होती. एक चोरी. दोन पकडींनी धरलेली वस्तू मालकाला जितकी सहज काढता येते तितकीच चोरालाही. पकडींच्या हातांवर सरकवायचा कुलपाचा पत्रा म्हणूनच निघाला. दुसरं कारण हवामान. विस्कॉन्सिनची तळी हिवाळ्यात गोठतात. पाणी आत राहिलं तर बर्फ होऊन ते धातूला तडा देतं, म्हणून इंजिन काढून, उभं धरून, सगळं पाणी निथळवून घरी न्यायलाच हवं. मग ते तीन-चार महिने तळघरात घोडीवर टांगलेलं. समोर रिकामी संध्याकाळ आणि बाहेर बर्फ. अशा वेळी माणूस पाना हातात घेतोच. अमेरिकेत सामान्य माणसाच्या घरी टू-स्ट्रोक इंजिनाचं ज्ञान कसं पोचलं, याची कारणं शोधताना शाळा-कॉलेजांइतकंच या गोठलेल्या तळ्यांकडेही बघायला हवं, असं मला वाटतं.

टू-स्ट्रोकमुळे हे जमलं, हेही खरं. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाचं वेगळं कुंड नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, झालं. एका वर्तमानपत्रावर सगळे भाग ओळीने मांडता येतात. मर्क्युरी या बलाढ्य कंपनीची सुरुवातसुद्धा अशाच मांडामांडीतून झाली. १९३९मध्ये कार्ल कीकहेफरने विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्गला एक डबघाईला आलेला कारखाना घेतला. त्याला चुंबकी यंत्रं बनवायची होती. कारखान्यात मात्र एका मोठ्या दुकानसाखळीने नापसंत केलेली ‘थॉर’ नावाची तीनशे आउटबोर्डं पडून होती. हाताशी पैसे यावेत म्हणून त्याने ती खोलून, सुधारून, पुन्हा जोडून परत पाठवली. दुकानाने आणखी मागितली. चुंबकं बाजूला राहिली.

आता जुनं इंजिन प्रत्यक्ष उतरवताना काय होतं ते पाहू, कारण इतिहास तिथे हाताला लागतो. १९५०च्या दशकातलं जॉन्सन किंवा एव्हिनरूड घ्या. तोवर दोन्ही नावं एकाच कंपनीची झाली होती. १९४९मध्ये जॉन्सनने दहा हॉर्सपॉवरचं एक इंजिन आणलं, त्यात पुढे, मोकळा आणि मागे असे गिअर होते आणि पेट्रोलची टाकी इंजिनावरून काढून होडीच्या तळाशी ठेवलेली होती. खांद्यावरचा भार उतरला. त्याबदल्यात इंजिन आणि होडी यांच्यात पहिली नळी आली. नळी जोडीची, कारण इंजिन एका नळीतून टाकीत हवा दाबतं आणि दुसरीतून पेट्रोल वर येतं. सत्तर वर्षांपूर्वीची दाबाची टाकी आणि तडकलेलं रबर, म्हणून आधी ही नळी काढायची आणि कार्ब्युरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल जाळून किंवा ओतून टाकायचं. त्याहीआधी, इंजिन होडीवर असतानाच दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजावं. दोन आकडे एकमेकांजवळ असतील तर आतलं अजून जिवंत आहे. एक फार खाली असेल तर पाठदुखी ओढवून घ्यायची का, याचा विचार धक्क्यावरच करता येतो.

मग पकडी. गोड्या पाण्यातलं इंजिन असेल तर त्या बहुधा हाताने फिरतात. खाऱ्या पाण्यातलं असेल तर तिथे दुसराच इतिहास साठलेला असतो. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू आणि मध्ये समुद्राचं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते, ती आट्यांत फुगून बसते, आणि स्क्रू असा धरतो की पाना वाकेल पण तो हलणार नाही. अशा वेळी जोर लावणाऱ्याचा बोल्ट तुटतो. जुने फिटर आधी भेदक तेल सोडून रात्रभर थांबतात, मग भोवतालची बॉडी गरम करतात, आणि सोडवण्याआधी बोल्ट किंचित आवळतात. उलटं वाटतं, पण गंजाची पकड त्या एका टिचकीने तुटते.

उचलताना एक होडीत, एक बाहेर. मोठं असेल तर फ्लायव्हीलवरच्या कडीला चेनकप्पी लावायची. खालचा भाग इंजिनापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा: दांड्याच्या नळीत उरलेलं पाणी उलटं वाहून सिलिंडरमध्ये शिरतं, आणि इंजिन घरी पोचेपर्यंत आत गंजायला लागलेलं असतं. घरी लाकडी घोडी आधी तयार हवी. जमिनीवर आडवं टाकलेलं इंजिन महिनाभर तसंच पडून राहतं, हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण पक्का आहे.

झाकण आणि फ्लायव्हील काढलं की खाली मॅग्नेटोची थाळी दिसते. त्या काळच्या या इंजिनांच्या इग्निशन कॉइलवरचं आवरण काळाने तडकतं. ठिणगी नसेल तर पहिला संशय तिथे घ्यायचा. पॉइंट घासून साफ करायचे, कंडेन्सर बदलायचा, कार्ब्युरेटरमधला डिंक झालेला थर काढायचा. खाली गिअरच्या डब्याचा स्क्रू सोडला की तेल बाहेर येतं. ते काळं असेल तर ठीक, दुधाळ असेल तर सील गेलेलं, आत पाणी शिरलेलं. आणि पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र, ज्याच्या पाकळ्या एकाच बाजूला वाकून कडक झालेल्या असतात. इतकी वर्षं नुसत्या त्या पाकळ्यांच्या जिवावर इंजिन गार राहत होतं. हे सगळं घरातल्या हत्यारांनी होतं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि कुठलाही संगणक जोडावा लागत नाही.

ब्रिटिशांचं ‘सीगल’ या बाबतीत अतिरेकी होतं. तिशीच्या दशकात सुरू झालेलं, पुढे पूल बंदरात बनणारं हे इंजिन महायुद्धात नौदलाने हजारोंनी घेतलं. झाकण नाही; पितळी टाकी, उघडं फ्लायव्हील, त्यावर गुंडाळायची दोरी. बहुतेकांना गिअर नाही. जुन्या मॉडेलांना दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे मागे निळा धूर आणि पाण्यावर इंद्रधनुष्य. पंपात रबर नाहीच, धातूचं साधं चक्र. पंख्याला तुटणाऱ्या पिनेऐवजी स्प्रिंग, दगडावर आपटला तर ती झटका सोसते. गिअरच्या डब्यातून तेल गळणार आणि पाणी आत येणार, हे गृहीत धरून त्यात इतकं जाड तेल घालायचं की पाणी मिसळूनही काम चालावं. बनवणाऱ्यांनी यंत्र निर्दोष करण्यापेक्षा, दोष मालकाला स्वतः सांभाळता यावेत असं केलं. १९९०च्या दशकात उत्पादन थांबलं, तरी सुटे भाग मिळत राहिले आणि नंबरावरून इंजिनाचं साल सांगणाऱ्या याद्या हौशी लोक सांभाळत राहिले. प्रदूषणाच्या बाजूने बघितलं तर सीगल लाजिरवाणं आहे, हेही नोंदवायला हवं.

तोवर मुख्य प्रवाह दुसरीकडे गेला होता. पन्नाशीच्या दशकात बटणस्टार्ट आला, म्हणजे बॅटरीच्या जाड तारा आल्या. सुकाणूचं चाक पुढे गेलं, म्हणजे केबली आल्या. १९५८मध्ये पन्नास हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरी व्ही इंजिन आलं, तेव्हा पकडींचं काम आरपार बोल्टांनी घेतलं. इंजिन सुटं करता येत होतं, पण तासाभराचं आणि दोन-तीन माणसांचं काम झालं. उचलून नेण्यासाठी जन्मलेलं यंत्र होडीचा अवयव होत चाललं.

आपल्याकडे आउटबोर्डाची गरज निराळ्या वाटेने आली. १९५२मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. पारंपरिक होड्यांना इंजिन बसवून पाहिलं गेलं, ते नीट जमलं नाही. कारण समजायला सोपं आहे. लाटांतून वाळूवर ओढून काढायच्या होडीच्या पोटात इंजिन बसवलं की वजन वाढतं आणि तळाखालचा पंखा वाळूत रुततो. बंदर असेल तिथेच असली होडी चालते. मग नव्या धर्तीच्या, पोटात डिझेल इंजिन असलेल्या बोटी बांधल्या गेल्या, त्या कोळंबीच्या ट्रॉलिंगकडे वळल्या, आणि सत्तरीच्या दशकात ट्रॉलरवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला संघर्ष पेटला. गोव्यात रांपणकारांचं आंदोलन झालं तेही याच दशकात. प्रकल्प नॉर्वेचा आणि एव्हिनरूडही नॉर्वेचा. पण वाळूवरच्या होडीला हवं असलेलं उत्तर त्याच्याच यंत्रात होतं, हे कोणी त्या वेळी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

ते उत्तर १९८०च्या सुमाराला जपानी इंजिनांच्या रूपाने आलं. यामाहाने पहिलं आउटबोर्ड १९६०मध्ये बनवलं होतं. पुढे यामाहा आणि सुझुकीची रॉकेलवर चालणारी इंजिनं केरळच्या किनाऱ्यावर पसरली. होडी वाळूवर आली की इंजिन काढायचं, दोघांनी उचलायचं आणि झोपडीत न्यायचं. पॅरिसच्या ट्रूव्हेचीच युक्ती, फक्त पोटापाण्यासाठी. सुरू करायचं पेट्रोलवर, तापलं की रॉकेलवर, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर, नाहीतर उद्या पहाटे थंड इंजिन पेटणार नाही. रॉकेल स्वस्त, पण त्याची काजळी पिस्टनच्या रिंगा चिकटवते आणि प्लग मारते. म्हणून खोलकाम विस्कॉन्सिनसारखं वर्षाला एकदा करून भागत नाही, ते हंगामातही येतं.

इथे ‘घरी’ या शब्दाचा अर्थ बदलतो. अमेरिकन माणसाला तळघरातलं इंजिन हा विरंगुळा होता. बिघडलं तर एक उन्हाळा मासेमारीविना गेला. वाळूवरच्या माणसाचं इंजिन कर्जाचं, सुटे भाग परदेशी, आणि ते पडलं त्या दिवशी चूलही थंड. होडीच्या मानाने इंजिन फार लवकर संपतं, मग दुसरं कर्ज. ऐंशीच्या मध्यावर रिंग सीन नावाची मोठी जाळी आली, तिच्या लांब होड्यांना एकापेक्षा जास्त इंजिनं लागायला लागली. ट्रॉलरशी बरोबरी करायला घेतलेलं यंत्र एकमेकांशी बरोबरी करायला लागलं. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचा दक्षिण भारतातला जो महासंघ त्रिवेंद्रमला उभा राहिला, त्याने इंजिनं आणण्याबरोबर किनाऱ्यावर दुरुस्तीच्या कार्यशाळाही काढल्या. या महासंघाबद्दल बोलताना सहसा विक्रीतले दलाल हटवल्याचं कौतुक होतं. मला त्या कार्यशाळा तितक्याच मोलाच्या वाटतात. मासळीचा भाव मिळवून देणं एक, आणि इंजिन खोलायला दुसऱ्याच्या दारात थांबावं लागू नये, हे दुसरं.

कोकणात चित्र मिश्र आहे. मोठ्या बोटींच्या पोटात डिझेल इंजिन; लोक बोट ओळखतातच मुळी दोन, चार किंवा सहा सिलिंडरी म्हणून. मालवण-वेंगुर्ल्याच्या वाळूवर ओढल्या जाणाऱ्या छोट्या फायबर होड्यांना मात्र आउटबोर्ड. पावसाळ्यात या होड्या वर घेऊन झाकून ठेवल्या जातात, आणि इंजिन घरी येतं. विस्कॉन्सिनला जे बर्फ करतो ते इथे जून-जुलै करतात. गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करून मीठ धुवायचं, खोलायचं ते खोलायचं, ग्रीस भरायचं, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी पिंपातच चालवून बघायचं.

एव्हिनरूडच्या मूळ कंपनीने डिसेंबर २०००मध्ये दिवाळं काढलं. नाव विकत घेणाऱ्यांनीही २०२०मध्ये ही इंजिनं बनवणं थांबवलं. टू-स्ट्रोकचं बरंचसं पेट्रोल न जळताच पाण्यात जायचं, म्हणून अमेरिकेत नव्वदीच्या दशकात नियम आले आणि फोर-स्ट्रोकचं राज्य सुरू झालं. ते व्हायलाच हवं होतं. आता चाळीस हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या आसपास भरतं. मर्क्युरीने २०२१मध्ये आणलेलं सहाशे हॉर्सपॉवरचं इंजिन अर्ध्या टनाहून थोडं जास्त, म्हणजे ५७२ किलो. इंधन किती, ठिणगी कधी, हे आत बसलेला संगणक ठरवतो, आणि तो काय म्हणतो ते वाचायचं उपकरण डीलरकडे असतं. घरच्या माणसाला प्लग आणि तेल बदलता येतं. इंजिन होडीवरच राहतं आणि घरी येतो तो फक्त खालचा गिअरचा भाग, चार-सहा बोल्ट सोडून वेगळा केलेला, आत पंपाचं तेच रबरी चक्र. वजनाला तो एका काखेत मावतो.